भट्टीकडून पहिला, रस्त्याकडून चौथा

अनुश्रीच्या येरझाऱ्यांनी आमच्या अंगणात एवढी खोल चाकोरी पडली की गंगूताईनं तिच्यात पाणी सोडून कोथिंबीर लावली. ती कोथिंबीर आम्ही होळीपर्यंत खाल्ली. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं कुरुंद्याला येऊन अंगण बघावं. आता बुजवलंय, पण बघावं.

अनुश्री माझी नात. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण हळदीच्या दिवसांत ती घरी येते आणि पडवीत बसून काम करते, कारण मोबाइलला रेंज फक्त पडवीच्या डाव्या खांबापाशी सापडते. गंगूताई माझी थोरली बहीण. घर तिच्या हुकमानं चालतं. मी व्यंकट, देवस्थानच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालोय आणि आता मला ऐकणारे लागतात, एवढंच माझं काम.

पोरीचं काम काय, ते मला समजायला एक उन्हाळा लागला. माणूस प्रोग्राम लिहितो तो आपल्या सोयीनं, यंत्राला तो तसाच्या तसा उमगत नाही. मधे दुभाष्या लागतो. त्या दुभाष्याला कंपायलर म्हणतात, आणि तोही एक प्रोग्रामच. तिच्या कंपनीचा दुभाष्या नुसतं भाषांतर करून थांबत नाही, काटकसरही करतो. यंत्राच्या मेमरीत खण असतात. एका खणात काहीतरी लिहिलं आणि ते कुणी वाचायच्या आतच त्यावर दुसरं लिहिलं, तर पहिलं लिहिणं वाया गेलं. असली वाया गेलेली लिहिणी हुडकून काढून टाकायची, म्हणजे प्रोग्राम सडपातळ होतो आणि पळतो. दुभाष्यातला हा छाटणीचा भाग अनुश्रीनं एकटीनं लिहिला होता.

छाटणी लिहून झाली होती. सगळ्या चाचण्या पार पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कंपनीच्या नव्या आवृत्तीत जाणार होती आणि तिथून कुठं कुठं, पाण्याच्या पंपांत, लिफ्टांत, दवाखान्यातल्या यंत्रांत. एकदा गेली की गेली. पोरीला चूक सापडत नव्हती, आणि चूक नाही यावर तिचा विश्वास बसत नव्हता. जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून उठायची, लॅपटॉपपाशी जायची, परत यायची. तुकडा तसाच. गंगूताई म्हणाली की या पोरीच्या पायाला कुणीतरी भिंगरी बांधलीय, ती सोडा आधी.

"एकच भीती आहे, आजोबा," ती म्हणाली. "मी जे फुकट समजून काढलं, ते मधल्या मधे कुणीतरी वाचत असलं तर?"

तिला जरा विरंगुळा म्हणून मी गोष्ट काढली. पडवीत संध्याकाळचे नेहमीचे चार लोक होते आणि अनुश्री मोबाइलवर माझ्या गोष्टी भरून घेते, तोही चालू होता. गोष्ट तरुणपणीची, हट्टा गावाहून घरी येतानाची. हट्ट्याच्या धर्मसिंगनं मला घरी पोचवायला जनावर पाठवलं होतं. पहाटेचं धुकं असं की स्वतःचं नाक चाचपून बघावं लागे. जनावर दारात उभं होतं, मी बसलो, टाच मारली. ते शेतांतून, बांधांवरून, ओढ्यावरून उडत उडत निघालं. मी मनात म्हटलं, धर्मसिंगाचं जनावर लई तेज. कुरुंद्याच्या शिवेवर ऊन पडलं, धुकं फाटलं आणि बघतो तर मी रोह्याच्या, रानातल्या नीलगाईच्या पाठीवर.

लोक हसले, पण जरा कमी हसले. मला ते सोसेना. मी घोटभर पाणी प्यालो आणि म्हणालो की रोही कसला, तो तर धुक्यामुळं झालेला भास होता. नीट बघतो तर अस्वल.

आता मात्र पडवी हलली. अनुश्रीसुद्धा हसली, कितीतरी दिवसांनी. मोबाइल हातात घेऊन म्हणाली की बघा आजोबा, माझं काम म्हणजे हे. रोही लिहिला, त्याचा कुणी काही उपयोग करायच्या आत त्यावर अस्वल लिहिलं. मग रोही फुकट. तिनं पडवीतल्या माणसांकडं नजर फिरवली, सगळे अस्वलापर्यंत बसलेले होते. तिनं बोटानं काहीतरी केलं आणि भरून घेतलेल्या गोष्टीतून रोही उडवून टाकला. ऐकवलं, तर मी सरळ अस्वलावर बसलो होतो. सांधा कुठं दिसत नव्हता.

मला ते थोडं लागलं. रोही माझा होता. पण पोरगी हसली होती, म्हणून मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेतात हळद शिजवायला कुकर आला. कुकर बंजारा तांड्यावरच्या सुदामचा. मधे भट्टी आणि पाण्याची टाकी, तिच्यापासून रस्त्याच्या दिशेनं एका ओळीत चार ड्रम. ड्रमात ओली हळद भरायची, झाकणाचे चाप आवळायचे, टाकीतली वाफ नळीनं आत सोडायची. हळद शिजली की वाफ तोडायची, झाकण उघडून काडी टोचून बघायचं, मग ड्रम उलथा करायचा. सुदाम वसमतला आयटीआय शिकलेला. त्यानं वाफेचे कॉक मोटारीवर केले होते आणि सगळा कारभार एका हातभर पेटीतल्या चिपवर आणला होता. प्रत्येक ड्रमावर दिवा. लाल म्हणजे आत वाफ, हात लावू नका. हिरवा म्हणजे उघडा. झाकणं उघडायचं काम त्याच्या आईचं, जिवनबाईचं. ती आणि बाया दिव्याकडं बघून काम करायच्या. कॉककडं बघायची गरजच सुदामनं ठेवली नव्हती.

अनुश्री रात्रभर तळमळलेली दिसत होती. सकाळी ती सुदामला म्हणाली की संध्याकाळी माझं काम सगळीकडं जाणार, त्याआधी एका खऱ्या यंत्रावर बघू दे. कंपनीच्या चाचण्यांतले प्रोग्राम कंपनीतल्याच लोकांनी लिहिलेले, तिला परक्या हाताचा प्रोग्राम हवा होता. सुदामला आनंदच झाला. त्यानं प्रोग्राम काढून दिला, तिनं आपल्या दुभाष्यातून काढला आणि परत पेटीत घातला. प्रोग्राम खरोखरच बारीक झाला. सुदामनं चिपच्या पेटीवर हात फिरवून पाहिला, जशी काही ती पेटीही बारीक झाली असेल.

भट्टी पेटली. पहिला ड्रम भरला, दुसरा भरला. मोटारी घूं करून फिरल्या, कॉक उघडले, नळ्या गरम झाल्या. सगळं बराबर. अनुश्री मात्र ड्रमांकडून पेटीकडं आणि पेटीकडून ड्रमांकडं करून राहिली होती. सुदाम भट्टीत लाकडं सारत होता. वर ऊन असं की दिवा लागलाय की नाही हे हातानं सावली केल्याशिवाय कळू नये.

मी बाभळीखाली बसलो होतो आणि बायांना कालची गोष्ट सांगत होतो. चांगली झालेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावी, म्हणजे ती मुरते. जिवनबाई भट्टीजवळच्या ड्रमापाशी गेली, दिव्यावर सावली धरली. हिरवा. तिनं काडी पदरात खोचली आणि झाकणाचा पहिला चाप सैल केला. मी तेव्हा शिवेवर पोचलो होतो आणि धुकं फाटत होतं.

"बघतो तर काय," मी म्हणालो, "मी अस्वलाच्या पाठीवर."

जिवनबाई थांबली. दुसऱ्या चापावरचा हात तिनं काढला आणि वळून, कमरेवर हात ठेवून, माझ्याकडं चार पावलं चालत आली.

"काका, काल रोही होतं."

"कधी?"

"काल सांच्याला. रोह्यावर बसले होते तुमी. आता अस्वल काहून?"

मी सांगायला लागलो की रोही हा भास होता. ती म्हणाली की तिनं तांड्यावर जाऊन सगळ्यांना रोही सांगितलंय, लेकरं रात्रभर रोही-रोही खेळली, आणि आता ती काय घरोघर फिरून अस्वल सांगत बसणार होय. मी म्हणालो, सांग. ती म्हणाली, न्हाई सांगत, एकदा रोही म्हणलं तर रोही. असं आमचं जुंपलं आणि तिच्या पाठीमागं ड्रमानं शीळ घातली.

शीळ बारीक होती. मग झाकणाची सैल बाजू उचलली आणि ज्या जागी जिवनबाईचं तोंड असायला पाहिजे होतं त्या जागेतून पांढऱ्या वाफेचा एक खांब आडवा निघाला. त्याच्यामागोमाग हळद. हळकुंडं बंदुकीतून सुटावीत तशी रस्त्यापलीकडं गेली. रामकिशनची म्हैस तिथं चरत होती, ती एका बाजूनं पिवळी झाली. म्हशीच्या पाठीवर बगळे होते, ते पिवळे होऊन उडाले आणि पुढं कितीतरी दिवस शिरड शहापूरपर्यंतचे लोक आपल्याकडं पिवळे बगळे आल्याचं सांगत होते. म्हशीचं आणि बगळ्यांचं तुम्ही माना न माना. वाफेचं माना. मी ती पाहिली आणि माझी वाचा बसली, हे आमच्या घरात प्रथमच झालं.

सुदामनं धावत येऊन हातानं कॉक बंद केला. आईजवळ गेला, तिचे हात उलटेपालटे करून पाहिले, तोंड पाहिलं. "याडी, लागलं का?" एवढंच दोनदा विचारलं. जिवनबाई म्हणाली की लागलं न्हाई, पण दिवा हिरवा होता, मी बघून हात लावला. तिचा आवाज नेहमीसारखा होता. फक्त पदरातली काडी काढायला गेली तेव्हा ती तिला सापडेना.

सुदामनं दुसऱ्या ड्रमावर सावली धरली. आत वाफ होती. दिवा हिरवा.

अनुश्री पेटीपाशी खाली बसली होती. सुदाम म्हणाला की दिव्याची वायर सुटली असेल. त्यानं वायर पाहिली, जागच्या जागी होती. मग अनुश्रीनं त्याचा जुना प्रोग्राम, तिच्या दुभाष्यातून न काढलेला, पेटीत घातला. रिकाम्या ड्रमात वाफ सोडून पाहिली. दिवा लगेच लाल झाला. पुन्हा तिचा घातला. हिरवा.

"माझंच आहे," ती म्हणाली.

बाभळीखाली बसून तिनं सुदामचा प्रोग्राम ओळीन् ओळ वाचला. वाचता वाचता उठायची, ड्रमांभोवती फिरायची, परत बसायची. बायांनी झाकणं उघडायचं काम थांबवलं होतं, भट्टी मंद केली होती, शेत सगळं तिच्याकडं बघत होतं. शेवटी तिनं सुदामला हाक मारली आणि विचारलं की इथं भट्टी-एक म्हणून जो खण आहे त्यात तू वाफ सोडताना 'वाफ' असं लिहितोस आणि वाफ तोडल्यावर 'रिकामा' लिहितोस. मधे ते कोण वाचतं?

सुदाम म्हणाला, दिवा वाचतो.

ती म्हणाली, दिवा तर रस्ता-चार वाचतोय.

"तोच की तो," सुदाम म्हणाला.

मग तिला ते कळलं, आणि मलाही कळलं, कारण मी कुरुंद्याचा. तांड्यावरचे लोक ड्रम मोजतात ते भट्टीकडून. भट्टी त्यांच्या ताब्यात, त्यांचा सगळा जीव तिथं. कुरुंद्याचे लोक मोजतात रस्त्याकडून, कारण हळद रस्त्याकडून येते आणि रस्त्याकडं जाते. भट्टीकडून पहिला तो रस्त्याकडून चौथा. आम्ही पिढ्यान् पिढ्या असंच बोलत आलोय आणि कुणाचा ड्रम कधी चुकला नाही. सुदामनं वाफेचा भाग लिहिला तो आपल्या मोजणीनं. मग गावातल्या बाया दिव्यांचे नंबर उलटे आहेत म्हणून ओरडायला लागल्या, म्हणून दिव्यांचा भाग त्यानं गावाच्या मोजणीनं लिहिला. नवीन खण केले नाहीत. त्याच खणांना प्रोग्रामच्या पार दुसऱ्या टोकाला दुसरी नावं लावली.

अनुश्रीची छाटणी एका जागेचं दुसरं नाव शोधायची, पण शेजारपाजारच्या ओळींत. इतक्या लांब जाऊन ती बघत नव्हती. तिला दिसलं ते असं: भट्टी-एकमध्ये 'वाफ' लिहिलं, भट्टी-एक या नावानं ते कुणी वाचलं नाही, मग त्यावर 'रिकामा' लिहिलं. म्हणून 'वाफ' फुकट. काढून टाकलं. चारही खणांतून काढलं. दिव्याला बिचाऱ्याला वाफ झालेली कधी कळलीच नाही.

मग तिनं जिवनबाईकडं मान वर केली.

"मावशी, काल संध्याकाळी तुम्ही कुठं होतात? पडवीत तर मी बघितलं सगळ्यांना."

"मागच्या दारात. गंगूताईंकडं ताक न्यायला आले होते," जिवनबाई म्हणाली. "रोह्यापर्यंत ऐकलं अन् निघाले."

अनुश्रीनं फुकट म्हणून खोडलेला रोही मागच्या दारात वाचला गेला होता. तिनं मोबाइल काढला आणि पुण्याला लावला.

अनिरुद्ध म्हणून तिच्या गटाचा प्रमुख आहे, त्याच्याशी बोलणं झालं. तिनं स्पीकर लावला नव्हता, पण शेतात आवाज लपत नाही. ती म्हणाली की आज छाटणी पाठवू नका, तिच्यात चूक आहे, खणाचं लांबवरचं दुसरं नाव तिला दिसत नाही. तो म्हणाला की सगळ्या चाचण्या पार पडल्यात, लोक वाट बघतायत, आणि असा दोन-दोन नावांचा प्रोग्राम लिहितं कोण. ती म्हणाली, आमच्याकडं लिहितात. तो म्हणाला की मग त्या माणसाला सांग सरळ लिहायला, दुरुस्ती त्याच्या बाजूनं होऊ दे. तिनं सुदामकडं पाहिलं. सुदाम आईला पाणी देत होता. मग तिनं शांतपणे सांगितलं की त्यानं काहीही नियमाबाहेर लिहिलेलं नाही. एका जागेला दोन नावं देता येतात, दुभाष्यानं ती ओळखली पाहिजेत, आणि ओळखता येत नसतील तर हात लावू नये.

पलीकडून आलेलं वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. एका हळदीच्या कुकरसाठी आपण सगळं थांबवायचं का?

"व्हय," अनुश्री म्हणाली.

पुण्यात गेल्यापासून तिच्या तोंडून मी 'व्हय' ऐकलं नव्हतं. मग त्यानं विचारलं की नेमकं झालं काय. तिनं पिवळ्या म्हशीचा फोटो पाठवला. त्याचं समाधान झालं की नाही माहीत नाही, पण त्या संध्याकाळी छाटणी गेली नाही.

नंतरचे दिवस पोरगी पुन्हा चाकोरीतून फिरत होती. जिथं जिथं दोन नावं एकाच जागेची असू शकतील अशी नुसती शंका येईल, तिथं लिहिणं काढायचं नाही, फुकट वाटलं तरी राहू द्यायचं, असं तिनं छाटणीला शिकवलं. मग छाटणीच्या हाताला फारसं काही लागेना. अनिरुद्ध कुरकुरला की आता प्रोग्राम बारीक तो काय होतो. तिनं तेही ऐकून घेतलं आणि नावं लांबवर जाऊन कशी शोधायची यावर लागली. नवी छाटणी तिनं आधी सुदामच्या पेटीत घातली. दिवा लाल झाला तेव्हा तिनं स्वतः झाकणापाशी उभं राहून तो पुन्हा हिरवा होईपर्यंत जिवनबाईचा हात धरून ठेवला. जिवनबाई म्हणाली की पोरी, सोड, मला अजून बाकीचे उघडायचेत.

या सगळ्यात सुदामला वाटलं की एकदाच काय ती मोजणी ठरवून टाकावी. त्यानं तांड्यावरचे आणि गावातले लोक बसवले. दोन्हीकडची माणसं दिवसभर बसली, चहा झाला, भजी झाली. तांडा म्हणाला भट्टीकडून. गाव म्हणालं रस्त्याकडून. एकानं मधून मोजायची तोड काढली, तर त्याला दोघांनी मिळून हाकललं. जसं होतं तसं राहिलं. अनुश्री म्हणाली की राहू द्या, आता ते माझ्या दुभाष्याचं काम आहे.

छाटणी शेवटी पुण्याला गेली त्या संध्याकाळी ती मोबाइल घेऊन माझ्यापुढं बसली. म्हणाली की आजोबा, रोही मी खोडला होता, परत सांगा, भरून घेते. पडवीत नेहमीचे लोक होते. मागच्या दारात जिवनबाई ताकाचं भांडं घेऊन, आणि या खेपेला मुद्दाम, बसली होती. मी धुकं उठवलं, हट्ट्याहून निघालो, ओढ्यावरून उडालो. शिवेवर ऊन पडलं. मी आधी पुढच्या दाराकडं बघितलं, मग मागच्या, आणि म्हणालो, रोही.

जिवनबाईनं मान हलवली. अनुश्रीनं बोट उचललं. पण ते तिनं मोबाइलवर टेकवलं नाही. तिच्या कपाळावर पुन्हा तीच आठी आली.

"आजोबा, घराला तिसरं दार नाही ना?"

मी म्हणालो, नाही. दोनच दारं, या घरात मी जन्मलोय.

आत चुलीपाशी गंगूताई भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला.

"घोडा होता तो, व्यंकट," ती आतूनच म्हणाली. "धर्मसिंगाचा लंगडा घोडा. उतरवून घ्यायला मीच आले होते."

पडवीत कुणी हसलं नाही. भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली. अनुश्रीनं माझ्याकडं पाहिलं, मग पडवीकडं उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं पाहिलं, आणि मोबाइल बाजूला ठेवून ती लॅपटॉप आणायला उठली.